बिनरेघांचा चेक

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुम्ही सुखरूप पोचल्याचं मामीने फोनवर सांगितलं. त्या दिवशी तुम्ही सकाळी आलात आणि संध्याकाळच्या बसने परत गेलात, त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. मीही बोलण्याच्या स्थितीत नव्हते. आई जाऊन आता सोळा दिवस झाले.

मी चष्म्याच्या दुकानातून मार्चअखेरपर्यंत रजा घेतली आहे. आईचं शिवणाचं दुकान रिकामं करून द्यायचं आहे. जागेचा मालक "काही घाई नाही" म्हणतो आणि रोज येऊन दाराचं माप घेऊन जातो. अर्धवट शिवलेले कपडे एकेकाला परत देते आहे. काल एक बाई मुलाचा शाळेचा शर्ट न्यायला आल्या. एकच बाही लावलेली होती. मी म्हटलं, पैसे परत देते. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, दुसरी मी लावीन. तुझ्या आईसारखी काही जमायची नाही, पण त्याला कुठे कळतंय." आणि तसाच शर्ट घडी करून घेऊन गेल्या.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मशीनच्या खणात तुमचे चेक सापडले. रबर लावून ठेवलेले, वीस आहेत. दर तीन महिन्यांचा एक, म्हणजे बाबा गेल्यापासूनचे सगळेच. एकही जमा केलेला नाही. एकोणीस चेकांची मुदत संपली आहे. शेवटचा एकतीस डिसेंबरचा आहे, तो मार्चअखेरपर्यंत चालेल ना? त्याला टाचणीने बँकेची स्लिप लावलेली आहे आणि ती आईने स्वतः भरली आहे. अक्षरं ओळीच्या वरखाली गेलीत, पण नाव, खाते क्रमांक, चेक क्रमांक सगळं बरोबर आहे. मी दोनदा ताडून बघितलं.

तुम्ही जन्मभर बँकेत चेकचंच काम केलंत, म्हणून विचारते. हा शेवटचा भरू का? आणि बाकीच्यांचं काय करायचं?

मामीला नमस्कार.

तुमची,
टाचणी

---

१० फेब्रुवारी

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तू एकटीने सगळं निस्तरते आहेस हे वाचून वाईट वाटलं. जेवणाची हेळसांड करू नकोस.

चेकबद्दल विचारलं आहेस, तर नीट सांगतो, म्हणजे तुझा गोंधळ होणार नाही. चेकचे मुख्य प्रकार असे. बेअरर म्हणजे जो चेक घेऊन काउंटरवर जाईल त्याला रोख पैसे मिळतात. ऑर्डर चेकवर ज्याचं नाव आहे त्याची ओळख पटवून पैसे देतात. सेल्फ म्हणजे आपणच आपल्या खात्यातून काढायचे. पुढची तारीख घातलेला चेक त्या तारखेच्या आधी चालत नाही. आणि क्रॉस चेक, म्हणजे डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारलेला. त्याचे पैसे हातात मिळत नाहीत, ज्याच्या नावाचा असेल त्याच्या खात्यातच जमा होतात. सर्वांत सुरक्षित प्रकार हा. मी ताईला पाठवलेले सगळे चेक क्रॉस केलेले होते, ते तू पाहिलंच असशील. मी रेघा नेहमी पट्टीने मारतो, यावरून ताई मला लहानपणापासून काय म्हणायची ते तुला माहीत आहे.

तारखेपासून तीन महिने झाले की चेक शिळा होतो. तेव्हा ते एकोणीस फाडून टाक. शेवटचाही भरू नकोस. खातेदार गेल्यावर खातं थांबवतात, त्यात काही जमा होत नाही. तो मला साध्या पोस्टाने परत पाठव. रजिस्टर करायची गरज नाही, रेघा मारलेल्या आहेत. तुला जे द्यायचं ते मी सवडीने वेगळं पाठवीन.

ताईने ते का भरले नाहीत हे मला कधी कळलं नाही. ती मानी होती. मी धाकटा, माझ्याकडून घेणं तिला जड गेलं असेल.

तुझी मामी आठवण काढते. हल्ली तिचे गुडघे दुखतात.

तुझा,
मामा

---

१६ फेब्रुवारी

प्रिय पट्टीमामा,

आई तुम्हाला 'पट्टी' म्हणायची आणि मग एकटीच हसायची. मी मात्र या वेळी हसत लिहीत नाही.

तुम्ही म्हणता, चेक का भरले नाहीत ते कळलं नाही. खरंच? मलाही माहीत नव्हतं. डिसेंबरच्या शेवटी मी सुट्टीवर आले तेव्हा तुमच्या चेकचा विषय निघाला, म्हणून तिला विचारलं. बाबांचं खातं एकट्या बाबांच्या नावाचं होतं. ते गेल्यावर बंद झालं. आईचं स्वतःचं खातंच नव्हतं, मामा. कधीच नव्हतं.

तुमचा पहिला चेक आला तेव्हा ती दुकान बंद ठेवून बँकेत गेली होती. तासभर रांगेत उभी राहिली. काउंटरवरच्या माणसाने चेक उलटापालटा केला आणि म्हणाला, "बाई, यावर दोन रेघा आहेत. हे पैसे हातात नाही मिळायचे. खातं आहे का?" ती नाही म्हणाली. मग त्याने खातं उघडायला काय काय लागतं ते सांगितलं. पत्त्याचा कागद, तर दुकानाचा भाडेकरार बाबांच्या नावावर आणि घराचं वीजबिल मालकाच्या नावावर. शिवाय तिला ओळखणारा एक खातेदार हवा. मागे रांगेत तिचीच दोन गिऱ्हाइकं उभी होती. "त्यांच्या देखत कुणाला सांगू, मला ओळख द्या म्हणून? त्यांच्या कमरेची मापं मला माहीत, आणि माझी ओळख त्यांनी द्यायची!" असं म्हणाली मला. हसत सांगत होती.

तुम्हाला ती खातं नाही हे सांगायला लाजली. जन्मभर बँकेत काढलेल्या भावाला हे कसं सांगायचं? पण तिने पत्र लिहिलं होतं. तुमचं उत्तर खणात सापडलं, आता माझ्या समोर आहे. तिने विचारलं होतं की रेघा नाही मारल्या तर चालेल का. तुम्ही दीड पान उत्तर दिलंय. "रेघा नसल्या तर चेक कुणाच्याही हाती लागला तरी पैसे काढता येतात, तेव्हा हा आग्रह धरू नकोस." मला आता पाठवलंत तसंच. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

सहा जानेवारीला मी तिला घेऊन गेले आणि खातं उघडलं. पत्त्याचा कागद मालकाकडून आणला, ओळख माझ्या मैत्रिणीने दिली. सही जमायला तिला चार खेपा लागल्या. पासबुक मिळालं तेव्हा तिने ते दुकानात मशीनवर उभं करून ठेवलं, लोकांना दिसेल असं. मग तुमच्या ताज्या चेकची स्लिप घरी बसून भरली. "सोमवारी जाऊ, मी स्वतःच्या हाताने भरणार," म्हणाली. रविवारी ताप चढला.

शिळे चेक मी फाडणार नाही. का ते सांगते. त्यांच्या पाठीवर आईने गिऱ्हाइकांची मापं लिहिली आहेत. कागद चांगला, फुकट घालवायचा कशाला, असं तिला वाटलं असणार. पुढे तुमची सही, मागे कुणाची तरी छाती, खांदा, कंबर.

आणखी एक. मी काल बँकेत जाऊन आले. खात्यावर वारस म्हणून माझं नाव आहे. साहेब म्हणाले, मृत्यूचा दाखला आणि चेक घेऊन या, जमा करून घेऊ. तुम्ही लिहिलंत तसं काही नाही. सव्वीस तारखेला मला दाखल्याची प्रत मिळेल, तेव्हा भरणार आहे. पैशांसाठी नाही. तिने भरलेली स्लिप वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच.

एक प्रश्न विचारते, उत्तर द्या. वीस चेक दिलेत आणि एकही वटला नाही. पाच वर्षं तुमच्या पासबुकात हे दिसलं असेल ना?

टाचणी

---

२१ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

आशीर्वाद. तुझ्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. दिसत होतं.

ताईचं खातं नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण विचारायला हवं होतं. भावजी गेल्यावर त्यांच्या खात्याचं काय झालं, एवढा एक प्रश्न पुरला असता. बँकेत कुणीही बाई समोर आली असती तर मी पहिला तोच प्रश्न विचारला असता. तिचं रेघांचं पत्रही मी विसरलो नव्हतो. मागच्या पत्रात विसरल्यासारखं केलं. ते पत्र आलं तेव्हा मला वाटलं की हिला चेकमधलं काही कळत नाही, समजावून सांगावं. समजावून सांगताना मला बरंही वाटलं होतं.

आता पासबुकाचं. पहिल्या तीन महिन्यांत वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या वेळी वाटलं, रागावली असेल. आमच्या वडिलांचं घर विकलं तेव्हा "तुझ्याकडेच राहू दे, मला कुठे लागतंय" म्हणून तिने कागदावर सही करून दिली होती. पुढे भावजी गेले आणि तिला लागायला लागलं. म्हणून मी चेक सुरू केले. ती भरत नाही म्हणजे त्या घराचा राग धरून आहे, असं मी ठरवून टाकलं. फोन करून विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती काही बोलली असती आणि मग मला खरोखरच काहीतरी करावं लागलं असतं. चेक पोस्टात टाकला की पुढचे तीन महिने तिच्याकडे जायची गरज नाही असं वाटायचं. मामीला आणि माझ्या जुन्या सोबत्यांना मात्र सांगायचो, बहिणीला नेमाने पाठवतो म्हणून. नेमाने पाठवत होतो हे खरं आहे.

याहून वाईट पुढे आहे. ते तुला कळण्याचा काही मार्ग नाही, तरी लिहितो.

ताईसाठी मी एक खातं वेगळं ठेवलं होतं, त्याचेच चेक तिला जायचे. दोन वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीघराच्या फरशा बदलायच्या होत्या. जुन्या घसरत होत्या. त्या खात्यात पैसे नुसते पडून होते. मी ते काढले. परत भरू, असं म्हणालो आणि भरले नाहीत. कारण ती चेक भरणार नाही याची मला खात्री झाली होती. त्यानंतरचे आठ चेक मी रिकाम्या खात्यावर लिहिले. आठही पट्टीने रेघा मारून, सही करून, तारखेला पोस्टात टाकले. त्यातला एक जरी तिने भरला असता तरी तो परत आला असता. चेक परत आल्यावर लोकांची तोंडं कशी होतात ते मी नोकरीत रोज पाहत होतो. मी ते तिच्यावर आणू शकलो असतो आणि तरी चेक लिहीत राहिलो. पोस्टातून घरी आलो की पाय धुवायला त्याच फरशांवर उभा राहायचो.

म्हणून तुला लिहिलं की शेवटचा चेक भरू नकोस. खातं थांबतं वगैरे कारण दिलं. वारस असेल तर काय करतात हे मला माहीत होतं. ते काम मी स्वतः केलेलं आहे.

तुझं पत्र परवा मिळालं. आज सकाळी मी बँकेत जाऊन त्या खात्यात पैसे भरले. काउंटरवरची मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली आहे. ती म्हणाली, "साहेब, आज तुम्ही रांगेत? आत या ना." मी रांगेतच उभा राहिलो. माझा नंबर यायला वीस मिनिटं लागली. ताई तासभर उभी होती.

आता तू चेक भरलास तर वटेल. हे पत्र मी लिहिलं नसतं तर तुला काहीच कळलं नसतं. पैसे भरून बाहेर पडलो तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात हेच आलं की सुटलो. घरापर्यंत चालत आलो, तेवढा वेळ खरंच हलकं वाटत होतं. दार उघडून न्हाणीघरात गेलो आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

मामा

---

६ मार्च

मामा,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पत्र दोन दिवस इस्त्रीच्या टेबलावर पडून होतं. एकदा वाटलं, तुम्ही फरशांचं लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं. आता तसं वाटत नाही. पण राग गेलेला नाही, हे स्पष्ट लिहिते.

चेक सव्वीसला भरला. आईच्याच स्लिपवर. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अक्षर नीट लागत नाही, दुसरी स्लिप भरता का?" मी म्हटलं, नाही, हीच घ्या, मी वाचून दाखवते. त्याने घेतली. दोन दिवसांनी वटला. पासबुकात आईच्या नावाखाली ती एकच ओळ आहे.

राग गेला नाही, पण तुमच्याशी भांडायला मी कोण, असंही मनात येतं. तुम्ही लिहिलंत, तर मीही लिहिते. मी दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. "वरची ओळ दिसते? आता खालची?" आणि आईला चष्मा पोस्टाने पाठवत होते. फोनवर विचारायचे, दिसतं ना? ती म्हणायची, दिसतं. तीन वर्षं तेवढ्यावर भागवलं. दुकान आवरताना कळलं, तिने मशीन खिडकीला पार चिकटवून घेतलं होतं आणि धाग्याच्या रिळांवर रंगांप्रमाणे गाठी मारलेल्या दोऱ्या बांधल्या होत्या. पांढऱ्याला एक गाठ, निळ्याला दोन. शेवटचं वर्ष तिने हाताने चाचपून शिवलंय. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन साधं होतं, ते राहूनच गेलं. मीच रोज लोकांना सांगते, साधं असतं, करून टाका.

डॉक्टर म्हणाले की तिच्या जाण्याशी डोळ्यांचा संबंध नव्हता. आपल्या दोघांना त्याचा काही उपयोग नाही.

आता एक काम आहे. गिऱ्हाइकांचे कपडे देऊन झाले. तळाशी एक गठ्ठा उरला होता, आकाशी कापडाचा, शर्ट बेतून ठेवलेला. कुणाचा ते कळेना. मग चेक एकेक उलटून पाहिले. मागच्या सप्टेंबरच्या चेकच्या पाठीवर लिहिलंय, तो पत्रासोबत पाठवते आहे:

धाकटा. छाती ३८, आता ४० धर. खांदा १७. उंची २९. बाही, आला की विचारायची.

पुढचा भाग, पाठ, कॉलर, सगळं कापलेलं आहे. बाह्यांचं कापड तेवढं अख्खं ठेवलंय. मला शिवता येत नाही, पण पलीकडचा टेलर आईला मानायचा, तो आईच्याच मशीनवर शिवून देईन म्हणतो. आज विचारत होता, "मामांची बाही किती? आधी माप तर आणा, मग मशीन विका."

तेव्हा बाही किती ते कळवा.

टाचणी

---

१० मार्च

चि. टाचणीस,

आशीर्वाद. पत्र आणि चेक मिळाला. सप्टेंबरचा आहे, म्हणजे रिकाम्या आठांतला. पुढची बाजू फार वेळ बघवली नाही. मागची बघत बसलो. माझी छाती खरंच चाळीस झाली आहे. तिला चार वर्षांत मी फक्त एकदा दिसलो होतो, तोही कोट घालून.

तुझ्या पत्रातलं डोळ्यांचं वाचलं. तू लहान आहेस, लांब होतीस, आणि निदान विचारत होतीस. मी याहून जास्त काही म्हणत नाही, माझ्या म्हणण्याला आता वजन नाही.

तुझ्या मामीला काल सगळं सांगितलं, चेकचं आणि खात्याचं. ती भाजी निवडत होती. हातातलं निवडून संपवलं. मग म्हणाली, "फरशा मी मागितल्या होत्या. पैसे कुठून आणलेत ते विचारायला हवं होतं मी." मी म्हटलं, तू विचारलं असतंस तरी मी खोटं बोललो असतो. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे."

बाहीचं म्हणशील, तर सकाळपासून प्रयत्न केला. माझी पट्टी एक फुटाची. ती खांद्यावर लावली तर दुसरं टोक दिसत नाही, खूण करायला गेलो तर हात वाकतो आणि माप बदलतं. तीनदा घेतलं, तीनदा वेगळं आलं. स्वतःची बाही स्वतःला मोजता येत नाही, हे मला या वयात कळलं. मामी घेते म्हणाली. पण ताईने "आला की विचारायची" असं लिहून ठेवलं आहे.

रविवारी सकाळच्या बसने निघतो. दुपारी पोचेन. परतीचं तिकीट काढलेलं नाही. दुकान रिकामं होईपर्यंत राहीन, तुला चालणार असेल तर. चालणार नसेल तर माप देऊन संध्याकाळी परत येईन, तसं मोकळेपणाने सांग. जड सामान उचलणं आता जमत नाही, पण खण आवरता येतील, गाठी सोडवता येतील. बँकेचं काही उरलं असेल तर तुझ्याबरोबर रांगेत उभा राहीन.

पट्टी आणत नाही. ताईची टेप दुकानात असेलच.

तुझा,
मामा